ट्रिब्शेनचे दिवस आणि नंतरची साक्ष: नीत्शेने केलेले वाग्नरचे पुनर्मूल्यांकन

तरुणपणी ज्या संगीतकाराला दैवत मानले, त्याच्या स्वभावातले आणि वागण्यातले दोष पुढे डोळ्यांसमोर आले, तर त्याच्या संगीताचे काय करायचे आणि त्यावर जडलेल्या आपल्या जुन्या भक्तीचे काय करायचे, हा प्रश्न संगीत मनापासून ऐकणाऱ्या अनेकांना कधी ना कधी पडतो. त्याची उत्तरे बहुधा घाईने दिली जातात. कोणी दोषांवर पांघरूण घालतो, कोणी सगळे संगीतच कानाआड करतो, आणि दोघेही आपण पूर्वी नेमके काय ऐकले होते हे तपासायला जात नाहीत. तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे याने संगीतकार रिशार्ड वाग्नर याच्याबाबतीत हा प्रश्न वीस वर्षे सोडला नाही. या प्रकरणाचे वेगळेपण असे, की त्याची पत्रे, त्याच्या खासगी वह्या, छापलेली पुस्तके आणि वाग्नरची पत्नी कोसिमा हिची १८६९ पासूनची रोजनिशी असा सगळा कागद शाबूत आहे. त्यामुळे भ्रमनिरास झालेला माणूस आपल्या भ्रमनिरासाची जी हकीकत सांगतो, ती त्या त्या वेळच्या नोंदींशी ताडून पाहता येते. तशी ती ताडून पाहिल्यावर मला असे दिसते, की वाग्नरच्या संगीताविषयी नीत्शेने दिलेला निकाल पुष्कळ अंशी टिकतो, पण स्वतःच्या भक्तीविषयी त्याने दिलेली साक्ष अनेक ठिकाणी टिकत नाही.

भक्तीची सुरुवात

नीत्शेचा जन्म १८४४ चा. तो अवघा चार वर्षांचा असताना, १८४९ मध्ये, त्याचे वडील वारले. ते १८१३ साली जन्मले होते आणि वाग्नरचे जन्मवर्षही तेच. शाळकरी वयातच नीत्शेने मित्रांबरोबर वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या संगीतिकेची पियानोसाठी केलेली संहिता चाळली होती. मात्र तेव्हापासून तो वाग्नरचा निस्सीम भक्त झाला, असे म्हणता येत नाही. १८६६ मध्ये वाग्नरची दुसरी एक संहिता पाहून त्याने मित्राला लिहिले, की तिच्यात जितके सुंदर आहे तितकेच कुरूपही आहे. हा तरुण, चिकित्सक आणि काहीसा साशंक श्रोता पुढे फारसा भेटत नाही, म्हणून त्याची इथे मुद्दाम नोंद करतो.

ऑक्टोबर १८६८ मध्ये लाइपझिगच्या एका मैफलीत ‘ट्रिस्टान’ आणि ‘माइस्टरझिंगर’ या वाग्नरच्या संगीतिकांची पूर्वरंगवादने, म्हणजे पडदा उघडण्याआधी वाजणारे संगीत, त्याने ऐकली आणि चित्र पालटले. अंगातली नस न् नस थरारून जावी असे काही आपण अनुभवले, असे त्याने मित्राला कळवले. पुढच्याच महिन्यात, ८ नोव्हेंबरला, त्याच शहरात वाग्नरच्या बहिणीच्या घरी प्रत्यक्ष भेटीचा योग आला. त्या संध्याकाळचे वर्णन त्याने दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या पत्रात आहे. भेटीसाठी शिवायला टाकलेला नवा पोशाख शिंप्याचा माणूस घेऊन आला, पण रोख पैसे हातात पडल्याशिवाय तो सोडायला तयार होईना. दोघांत विजारीवरून चक्क झटापट झाली, माणूस कपडे घेऊन निघून गेला आणि नीत्शे जुनाच काळा कोट घालून पावसातून धावत निघाला. आत वाग्नरने ‘माइस्टरझिंगर’मधले प्रवेश वाजवून आणि गाऊन दाखवले, आणि तत्त्वज्ञ शोपेनहावरविषयी तो जिव्हाळ्याने बोलला. स्वतः शोपेनहावरमध्ये बुडालेल्या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवे होते?

१८६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात भाषाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर त्याच देशातले ल्युत्सर्नजवळचे ट्रिब्शेन, म्हणजे वाग्नर आणि कोसिमा यांचे सरोवरकाठचे घर, त्याच्या आवाक्यात आले. पुढच्या तीन वर्षांत तो तिथे तेवीस वेळा गेला. वाग्नरचा मुलगा सीगफ्रीड जन्मला त्या रात्री तो त्याच घरात पाहुणा होता. कोसिमाचा वाढदिवस म्हणून १८७० च्या नाताळच्या सकाळी वाग्नरने घराच्या जिन्यावर वादक उभे करून तिच्यासाठी रचलेले नवे संगीत वाजवून घेतले, तेव्हाही तो हजर होता. वाग्नरच्या आत्मचरित्राची खासगी छपाई बाझलमध्ये चालली होती आणि तिची देखरेख याच तरुण प्राध्यापकाकडे होती. घरातल्या मुलांसाठी खेळणी शोधून पाठवण्याचे कामही कोसिमा त्याच्यावर सोपवत असे. वडिलांविना वाढलेल्या मुलाला एका घराने आपले म्हटले होते, आणि त्या घराच्या केंद्रस्थानी त्या काळचा सर्वांत थोर संगीतकार बसलेला होता. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ही माया किती खरी होती हे आधी मान्य करावे लागते.

जे तेव्हाही दिसत होते

वाग्नरचे दोष नंतर उजेडात आले, असे या प्रकरणात कोणालाही म्हणता येणार नाही. कर्ज काढून थाटात राहण्याची त्याची सवय जगजाहीर होती. १८६४ मध्ये बव्हेरियाचा तरुण राजा दुसरा लुडविग याने त्याला सावरले नसते तर त्याचे काय झाले असते हे सांगणे कठीण आहे. ज्या हान्स फोन ब्यूलोने १८६५ मध्ये ‘ट्रिस्टान’चा पहिला प्रयोग संचालित केला, त्याचीच पत्नी होती कोसिमा, आणि त्या प्रयोगाच्या दोन महिने आधी तिला झालेली मुलगी वाग्नरची होती.

याहून गंभीर गोष्ट ज्यूद्वेषाची. ‘संगीतातील ज्यूपण’ हा लेख वाग्नरने १८५० मध्ये टोपणनावाने छापला होता, आणि १८६९ मध्ये त्याने तो वाढवून स्वतःच्या नावाने पुन्हा प्रसिद्ध केला. म्हणजे नीत्शे ट्रिब्शेनला जाऊ लागला नेमक्या त्याच वर्षी. लेख दडलेला नव्हता आणि वाग्नरची मतेही दडलेली नव्हती. ट्रिब्शेनच्या जेवणाच्या टेबलावर ती रोज ऐकू येत असत. फेब्रुवारी १८७० मध्ये सॉक्रेटिसवरील एका व्याख्यानाच्या शेवटी नीत्शेने स्वतः ज्यू वृत्तपत्रांवर टोमणा मारला, आणि तो वाचून कोसिमाने त्याला कळवले, की ही नावे इतक्यात जाहीरपणे घेऊन उगाच गांधीलमाशांचे पोळे उठवू नये. तिच्या या सल्ल्यात विरोध कुठेच नाही. आहे ती फक्त सावधगिरी. भक्त आपल्या दैवताचा दोष नुसता सोसत नाही, बऱ्याचदा तो दोष त्याच्या बोलण्यातही उतरतो. या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच आहे, आणि नीत्शेवर लिहिणारे पुष्कळ जण ती दोन ओळींत उरकतात याचा मला खेद वाटतो.

भक्तीची किंमतही त्याने मोजली. जानेवारी १८७२ मध्ये ग्रीक शोकात्मिकेवरचा त्याचा पहिला ग्रंथ वाग्नरला उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेसह आला. त्याचा उत्तरार्ध वाग्नरच्या संगीतात त्या शोकात्मिकेचा पुनर्जन्म पाहतो. वाग्नर हरखून गेला, पण भाषाशास्त्रज्ञांनी पुस्तक फटकारले, आणि त्या वर्षअखेरीच्या हिवाळी सत्रात नीत्शेच्या वर्गाला दोनच विद्यार्थी उरले. त्यांतला एकही भाषाशास्त्राचा नव्हता. विद्वान म्हणून मिळवलेल्या नावावर त्याने दैवतासाठी जवळजवळ पाणी सोडले होते.

दोन वह्या, एक लाल पुस्तक

तडा कधी गेला? नीत्शेने पुढे सांगितलेल्या हकीकतीनुसार १८७६ मध्ये, वाग्नरने आपल्या संगीतिकांसाठी जर्मनीतल्या बायरॉइट या गावी भरवलेल्या महोत्सवात. त्याच्या वह्या वेगळे सांगतात. १८७४ च्या सुरुवातीच्या नोंदींमध्येच वाग्नर हा मुळात नट आहे, दुसऱ्या कोणाचेही व्यक्तिमत्त्व आपल्याशेजारी उभे राहू न देणारा हुकूमशहा आहे, अशी निरीक्षणे येतात. समकालीन संगीतकार ब्राम्सला किंवा ज्यूंना मान्यता न देणे हा वाग्नरपुढचा मोठा धोका आहे, असेही तो तिथे लिहितो. म्हणजे संगीतातला मत्सर आणि माणसांविषयीचा द्वेष एकाच मुळातून येतात, हे त्याने तीस वर्षांचा होण्याआधीच ओळखले होते. ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण ती कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो बायरॉइटला वाग्नरच्या नव्या घरी गेला तेव्हा ब्राम्सच्या ‘विजयगीता’ची लाल बांधणीची प्रत सोबत घेऊन गेला आणि ती त्याने पियानोवर ठेवली. बाझलमध्ये ही रचना ऐकून तो प्रभावित झाला होता. ब्राम्सचे नाव त्या घरात चालत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. वाग्नरने ती वाजवून पाहिली, तिची खिल्ली उडवली आणि तो भडकला. तरुणाने शब्दाने काही म्हटले नाही. त्याने दैवतापुढे दुसऱ्याचे संगीत ठेवले आणि काय होते ते पाहिले. वह्यांत जे लिहिले होते त्याची ती चाचणी होती, असे मला वाटते, आणि तिचा निकाल त्याला मिळाला.

तरीही जुलै १८७६ मध्ये, महोत्सवाच्या तोंडावर, त्याने वाग्नरच्या गौरवाचा दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षांपूर्वी वहीत लिहिलेली काही निरीक्षणे त्याने त्यात वापरली आहेत, पण त्यांची धार बोथट करून: वहीतले नटपण निबंधात प्रतिभेचा एक गुण बनून येते. हा ढोंगीपणा होता असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी त्याच्याविषयी आपल्याला जे उत्तम म्हणून दिसले ते सांगावे, आणि ते सांगताना आपण स्वतःच त्यावर पुन्हा विश्वास ठेवू शकतो का हे पाहावे, अशी ती अखेरची धडपड दिसते. निबंधातला वाग्नर हा वाग्नरने व्हायला हवे होते तसा वाग्नर आहे.

प्रत्यक्ष महोत्सव त्याला सोसला नाही. तालमींच्या वेळी असह्य डोकेदुखी आणि डोळ्यांचा त्रास, भोवती प्रतिष्ठित पाहुण्यांची वर्दळ, आणि ज्या कलेने समाज बदलायचा तिच्यासाठी जमलेला तोच श्रीमंत, कंटाळलेला समाज. तो बव्हेरियाच्या जंगलातल्या क्लिंगेनब्रुन या गावी निघून गेला. त्या शरद ऋतूत सोरेंटोमध्ये तो आणि वाग्नर शेवटचे भेटले. नीत्शेबरोबर तिथे राहणारा त्याचा ज्यू वंशाचा मित्र पाउल रे कोसिमाला खटकला, आणि खटकण्याचे कारण तिने रोजनिशीत उघड लिहून ठेवले आहे.

यानंतर १८७८ मध्ये नीत्शेचे सूत्ररूप विचारांचे पुस्तक आले, व्होल्टेअरच्या स्मृतीला अर्पण केलेले. त्यात वाग्नरचे नाव गाळून ‘कलावंत’ एवढाच शब्द ठेवला आहे. ज्याला कळायचे त्याला कळले. वाग्नरने ते वाचायचे टाळले आणि आपण वाचले नाही याबद्दल नीत्शे एक दिवस आपले आभार मानेल असे कोसिमाला सांगितले. पण त्याच उन्हाळ्यात आपल्या नियतकालिकात नाव न घेता त्याच्यावर टीकाही केली. याच सुमारास घडलेली एक गोष्ट नीत्शेला पुढे कळली. त्याच्या आजारपणात वाग्नरने त्याच्या डॉक्टरांना परस्पर पत्र लिहून दुखण्यामागे अत्यंत खासगी स्वरूपाचे, मानहानीकारक कारण असल्याचा तर्क केला होता. नीत्शेने त्याचा उल्लेख केला तो फक्त मित्रांना लिहिलेल्या खासगी पत्रांत, एका ठिकाणी तर प्राणांतिक अपमान एवढ्या मोघम शब्दांत. कोणत्याही छापील पुस्तकात त्याने हे शस्त्र म्हणून वापरले नाही. वाग्नरवर त्याने पुढे जे काही लिहिले त्याचे मोजमाप करताना हा संयम विसरता कामा नये.

संहितेसमोर बसून

वाग्नरची शेवटची संगीतिका ‘पार्सिफाल’ २६ जुलै १८८२ रोजी बायरॉइटला प्रथम सादर झाली. संचालक होता हेर्मान लेवी, एका रब्बाईचा मुलगा, ज्याने ख्रिस्ती व्हावे म्हणून वाग्नरने त्याच्यामागे लकडा लावला होता. नीत्शे गेला नाही. मात्र प्रयोगाच्या आधी बहिणीला तयारी करून देताना तो पियानोवर संहिता घेऊन बसला, आणि त्याला आठवले ते त्याने किशोरवयात रचलेले नाताळचे धार्मिक संगीत. जुने कागद काढून पाहिल्यावर दोन्हींतला भाव आणि अभिव्यक्ती यांचे साम्य पाहून तो हादरला. आपण वाग्नरचे किती जवळचे नातलग आहोत हे कळून आपल्याला खरोखर भय वाटले, असे त्याने कोझेलिट्स या संगीतकार मित्राला लिहिले.

सगळ्या प्रकरणाचा कणा मला या पत्रात दिसतो. तोवर वाग्नरचा दोष वाग्नरमध्ये होता आणि नीत्शे त्यातून बाहेर पडलेला होता. आता त्याने पाहिले, की ज्या धार्मिक व्याकुळतेला तो वाग्नरची शरणागती म्हणत होता ती वाग्नर भेटण्याआधीपासून त्याच्या स्वतःच्या बोटांत होती. त्याने दैवत निवडले होते ते या नात्यामुळेच. आपल्याला एखादे संगीत इतके का भिडले याचा शोध घेताना माणूस संगीतकाराच्या चरित्रात शिरतो. नीत्शे आपल्या जुन्या वहीत शिरला, आणि त्याला जे सापडले ते जास्त उपयोगाचे होते.

१८८८ मध्ये तुरीन येथे लिहिलेल्या ‘वाग्नर प्रकरण’ या पुस्तिकेचे बळ याच शोधात आहे. वाग्नर हा माणूस आहे की आजार, असा तिखट प्रश्न तीत आहे खरा, पण प्रस्तावनेतच नीत्शे सांगतो, की आपणही वाग्नरइतकेच या काळाचे अपत्य आहोत, या ऱ्हासाचे वाटेकरी आहोत. फरक इतकाच की आपल्याला ते उमगले आणि आपण त्याला विरोध केला. टीकेचा सर्वांत चांगला भाग संगीताविषयीच आहे. भव्य भित्तिचित्रांचा म्हणून गाजलेला वाग्नर खरा मोठा आहे तो अगदी लहान जागेत, एका क्षणाच्या छटेत, असे त्याचे म्हणणे आहे. ‘ट्रिस्टान’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी तारवाद्ये हळूहळू वर चढत जातात आणि मग पडद्यामागून एकटे वाद्य मेंढपाळाची धून वाजवू लागते, तो भाग लक्ष देऊन ऐकला तर हे म्हणणे किती अचूक आहे ते कानाला कळते. दोष शोधायला निघालेल्या टीकाकाराने शोधलेला हा गुण आहे, आणि वाग्नरच्या भक्तांपैकी फार थोड्यांना तो इतक्या नेमकेपणाने सांगता आला.

फ्रेंच संगीतकार बिझे याच्या ‘कार्मेन’ या संगीतिकेची त्याच पुस्तिकेत केलेली वारेमाप स्तुती मात्र मी तितक्या गांभीर्याने घेत नाही. ती संगीतिका त्याला आवडत होती यात शंका नाही. पण बिझेविषयी मी जे म्हणतो ते फार मनावर घेऊ नका, वाग्नरच्या विरोधात ठेवायला तो उपयोगी पडतो, असे त्यानेच डिसेंबर १८८८ मध्ये एका परिचिताला कळवले. एका दैवताला खाली उतरवण्यासाठी दुसऱ्याला वर चढवणे हा पुनर्मूल्यांकनातला सोपा मार्ग आहे, आणि त्यात दोन्ही संगीतकारांवर अन्याय होतो.

साक्ष आणि नोंदी

आता साक्षीकडे. १८८८ च्या शरद ऋतूत लिहिलेल्या आत्मचरित्रपर पुस्तकात नीत्शे सांगतो, की त्याचे १८७८ चे पुस्तक बायरॉइटकडे निघाले आणि ‘पार्सिफाल’च्या शब्दांची छापील संहिता त्याच्याकडे आली, ती एकाच वेळी, जणू दोन तलवारी एकमेकींवर खणखणल्या. चित्र झकास आहे, पण संहिता जानेवारीत आली आणि पुस्तक वसंतात गेले. ‘पार्सिफाल’मधल्या धार्मिकतेने आपल्याला धक्का बसला, हा त्याचा सूरही पुराव्याला धरून नाही, कारण १८६९ च्या नाताळातच त्याने कोसिमाबरोबर त्या कृतीचा आराखडा वाचला होता, आणि तो वाचून मन पुन्हा भारावल्याची नोंद तिच्या रोजनिशीत आहे. बायरॉइट अर्ध्यावर सोडल्याचे तो ठसक्यात सांगतो. प्रत्यक्षात तो क्लिंगेनब्रुनहून काही दिवसांत परतला आणि महोत्सवातल्या प्रयोगांच्या पहिल्या आवर्तनाच्या वेळी बायरॉइटमध्येच होता. ‘ट्रिस्टान’ची पियानो-संहिता हाती आली त्या क्षणापासून आपण वाग्नरचे झालो, हे विधान १८६६ च्या साशंक पत्रापुढे उभे राहत नाही.

यांतल्या बहुतेक विसंगती स्मृतीच्या खेळात जमा करता येतील. एक मात्र मला तशी सोडून देता येत नाही. वाग्नरविरोधी लेखांच्या डिसेंबर १८८८ मधील संकलनात तो म्हणतो, की जर्मनीत आल्यापासून वाग्नर आपल्याला तिरस्करणीय वाटणाऱ्या एकेका गोष्टीपर्यंत खाली उतरत गेला, अगदी ज्यूद्वेषापर्यंत. वाग्नर बायरॉइटला आला १८७२ मध्ये. १८५० चा लेख, १८६९ चे पुनर्मुद्रण आणि नीत्शेचे स्वतःचे १८७० चे व्याख्यान या सगळ्या गोष्टी त्याआधीच्या आहेत. ज्यूद्वेष्ट्यांविषयी नीत्शेला उत्तरायुष्यात वाटणारी चीड खरी होती. बहिणीने तशाच एका पुढाऱ्याशी लग्न केल्यावर तो तिच्यापासून दुरावला होता. पण वाग्नरचे पतन ट्रिब्शेननंतर सुरू झाले असे दाखवले, की ट्रिब्शेनमधला तरुण नीत्शे आपोआप निर्दोष ठरतो. दैवताच्या दोषाची तारीख पुढे ढकलणे ही भक्ताने स्वतःसाठी करून घेतलेली सोय असते, आणि भक्ती सरल्यानंतरही ती सोय सुटत नाही, हे या नोंदींवरून स्पष्ट दिसते.

याच्या अगदी उलट बाजूची दोन विधाने या प्रकरणात आहेत. जानेवारी १८८७ मध्ये मॉन्टे कार्लोत ‘पार्सिफाल’चे पूर्वरंगवादन त्याने प्रथमच वाद्यवृंदाकडून ऐकले, आणि कोझेलिट्सला लिहिले, की असले संगीत कशासाठी वापरले जाते किंवा जावे हा प्रश्न बाजूला ठेवून केवळ सौंदर्याच्या दृष्टीने पाहिले, तर वाग्नरने याहून सरस कधी काही केले आहे का? दुसरे विधान त्याच आत्मचरित्रपर पुस्तकात, तलवारींच्या त्या रंगवलेल्या चित्रापासून फार दूर नाही: आपले इतर सगळे मानवी संबंध आपण स्वस्तात देऊन टाकू, पण ट्रिब्शेनचे दिवस आयुष्यातून कोणत्याही किमतीला जाऊ देणार नाही. ही दोन्ही विधाने त्याच्या बाजूचा खटला कमकुवत करतात. पहिल्यामुळे त्याचे प्रतिपादन अडचणीत येते, दुसऱ्यामुळे त्याचा सुटकेचा दावा. आणि ज्या माणसाने इतर ठिकाणी तारखा आपल्या बाजूने वळवल्या त्याने ही दोन्ही विधाने न वळवता ठेवली, म्हणून वाग्नरविषयी त्याने लिहिलेल्या सगळ्या मजकुरात मी सर्वाधिक भरवसा त्यांच्यावर ठेवतो.